पारितोषिक वेगळं, शिष्यवृत्ती वेगळी

"मामा, ह्या दोन्ही स्कॉलरशिपाच न्हवं?" भाचीनं मोबाईल पुढं केला. कोल्हापुरातल्या तिच्या लॉ कॉलेजच्या नोटीस बोर्डाचा फोटो. एका कागदावर 'स्मृती पारितोषिक', शेजारच्यावर 'स्मृती शिष्यवृत्ती'. दोन्हीकडं 'कै.' आणि दोन्हीकडं कायदा शिकवलेल्या बाईंचं नाव, म्हणून घोळ.

पारितोषिकाला सहसा अर्ज लागत नाही. करार कायद्यात पहिली आलीस की ऑफिसच नाव काढतं, गॅदरिंगला पाकीट मिळतं, विषय संपला. शिष्यवृत्ती मात्र मागावी लागते: अर्ज, गुणपत्रिका, बहुतेक ठिकाणी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, पासबुकाची झेरॉक्स. शिवाय पुढच्या वर्षी ती चालू राहायला गुण टिकवायचे. दुसऱ्या कुठल्या फॉर्मात 'अन्य शिष्यवृत्ती घेता का?' असं विचारलं तर हिचं नाव लिहायचं, पारितोषिकाचं नाही.

पैसा बहुधा एकाच जागेतून येतो, मुदत ठेवीतून. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याज वाटायचं. १ लाखावर ७ टक्क्यांनी वर्षाला ७ हजार. पाकिटाला ते चिक्कार झालं, फीला कुठलं पुरतंय! मला कॉलेजात १०१ रुपयांचं बक्षीस मिळालं होतं. रक्कम ठरली तेव्हा म्हणे त्यात दोन-तीन पुस्तकं येत. माझ्या वेळेला एकही आलं नाही. प्रमाणपत्र मात्र अजून कपाटात आहे.

पारितोषिक आणि शिष्यवृत्तीतला हा फरक भारतातल्या पहिल्या स्त्री वकील कॉर्नेलिया सोराबजींना चांगलाच सोसावा लागला. १८६६ मध्ये नाशिकला जन्म, लहानपणीची काही वर्षं आपल्या शेजारच्या बेळगावात, पुढं पुण्याचं डेक्कन कॉलेज. मुंबई विद्यापीठाच्या त्या पहिल्या स्त्री पदवीधर. शेवटच्या परीक्षेत पहिल्या आल्या, आणि त्या नंबराला इंग्लंडात शिकायची सरकारी शिष्यवृत्ती होती. बाई म्हणून ती नाकारली. नंबर त्यांचा, कौतुकही त्यांचं, पण बोटीच्या भाड्याचं काय? इंग्लंडातल्या हितचिंतकांनी वर्गणी काढली, त्यात फ्लोरेन्स नाइटिंगेलही होत्या. मग १८८९ मध्ये त्या ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिलला पोचल्या आणि तिथं कायदा शिकणारी पहिली स्त्री ठरल्या. १८९२ ला बीसीएलची, म्हणजे तिथल्या कायद्याच्या पदवीची, परीक्षा दिली. पदवी हातात पडली १९२२ ला, कारण ऑक्सफर्ड बायकांना पदव्या द्यायलाच लागलं १९२० मध्ये. आज सॉमरव्हिल कॉलेजात भारतीय विद्यार्थ्यांना कायद्याच्या पुढच्या शिक्षणासाठी त्यांच्या नावानं मदत मिळते, तीही शिष्यवृत्तीच आहे. मला तेच बरोबर वाटतं. मेडल ठेवलं असतं तर त्यांच्या नावाला शोभलं नसतं.

भाचीला एवढं सगळं ऐकायला वेळ नव्हता. तिनं फॉर्म उघडला, मुदत शनिवारपर्यंत. उत्पन्नाचा दाखला काढून बघितला तर गेल्या वर्षीचा.

"आता ओ?"

"आता काय, सकाळी सेतूत."