काळी-पिवळी गेली म्हणजे नक्की काय गेलं?

30 ऑक्टोबर 2023 पासून प्रीमियर पद्मिनी ही जुनी मोटारगाडी मुंबईत टॅक्सी म्हणून चालवता येत नाही. त्या आठवड्यात बातम्या मात्र ‘काळी-पिवळी निवृत्त’ अशा झळकल्या आणि तो घोळ अजून निस्तरलेला नाही. काळी-पिवळी त्या दिवशीही रस्त्यावर होती, आजही आहे. दादर स्टेशनबाहेर रांगेत उभी असते, फक्त आता ती वॅगनआर असते नाहीतर ईको. दीड महिना आधी, 15 सप्टेंबरला, डिझेलची डबल डेकर बस गेली होती. त्या हळहळीत हीही मिसळली आणि गाडी कोणती, रंग कोणता, हे बघायला कुणी थांबलं नाही.

काळी-पिवळी हे गाडीचं नावच नाही. भाड्याने प्रवासी नेण्याच्या परवान्याबरोबर येणारा तो रंग आहे. मुंबईत अंग काळं आणि टप पिवळा. मुंबईबाहेर पडलात की याच शब्दाचं वाहन बदलतं. लातूर-नांदेडकडे काळी-पिवळी म्हणजे जीप. मागच्या बाकांवर गुडघ्याला गुडघा लावून बसलेली माणसं, वर गाठोडी, आणि सीट भरल्याशिवाय जागचा न हलणारा ड्रायव्हर. सातारा-कोल्हापूरकडे त्यालाच वडाप म्हणतात. पद्मिनीशी तिचा काडीचा संबंध नाही. तेव्हा ‘काळी-पिवळी बंद’ हा मथळा तिकडे कुणी कसा वाचला असेल, हा विचार मुंबईतल्या बातमीदारांनी केला नसावा.

बरं, मुंबईकर तरी तिला पद्मिनी कुठे म्हणत होता? गॅरेजवाले, टॅक्सीवाले, स्टँडवरचे म्हातारे, सगळ्यांची ती शेवटपर्यंत ‘फियाट’च. 1950 च्या दशकात प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून इटलीच्या फियाटच्या परवान्यावर जी गोल नाकाची गाडी बाहेर पडू लागली, तिला आपल्या लोकांनी ‘डुक्कर फियाट’ करून टाकलं. 1964 ला कोनदार अंगाची ‘डिलाइट’ आली. पुढे परवान्याचा करार संपला, फियाटचं नाव काढावं लागलं, म्हणून 1970 च्या दशकात आधी ‘प्रेसिडेंट’ आणि मग ‘पद्मिनी’. बिल्ले तीन, पत्रा जवळपास तोच. इटलीत या गाडीचं उत्पादन 1966 मध्ये थांबलं, कुर्ल्याची मंडळी मात्र नव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत ती काढत राहिली. ग्राहकाला पर्यायच नव्हता म्हणून ती इतकी टिकली, हे तिच्या प्रेमात असलेल्यांनीही मान्य करायला हरकत नाही.

टॅक्सीवाल्याने तिला धरून ठेवलं त्याची कारणं वेगळी. अँबॅसॅडरपेक्षा आकाराने लहान, पेट्रोलला हलकी, आणि सुटे भाग इथलेच. गिअर स्टिअरिंगला असल्यामुळे पुढची सीट सलग, म्हणजे वेळप्रसंगी पुढे दोघं बसत. मीटर गाडीच्या बाहेर, डाव्या अंगाला. ड्रायव्हर पुढच्या डाव्या खिडकीतून हात काढून तो खाली पाडायचा, की आतून घंटीसारखा आवाज यायचा. मीटरवरचा आकडा म्हणजे प्रत्यक्ष भाडं नसे, ते बघायला मळकं टॅरिफ कार्ड मागून घ्यायचं. 2000 च्या आसपास न्यायालयाच्या आदेशांमुळे जुन्या टॅक्सी सीएनजीवर गेल्या. सिलिंडरने डिकी खाल्ली आणि सगळं सामान टपावरच्या कॅरिअरवर चढलं. पिवळा टप, वर दोरीने बांधलेल्या सुटकेसा, हे चित्र बरचसं त्या सिलिंडरची देणगी आहे.

आता वयाच्या अटीकडे. 2008 मध्ये मुंबईतल्या टॅक्सींना 25 वर्षांची मर्यादा लागली, 2013 मध्ये ती 20 वर आली. वय मोजायचं नोंदणीच्या तारखेपासून. ताडदेवच्या आरटीओत शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदली गेली, तीत 20 मिळवले की 2023 ची ती तारीख निघते. उत्पादन त्याआधीच बंद पडलं होतं, हे लक्षात घ्या. म्हणजे शेवटची नोंदलेली गाडी ही शेवटची बनलेली असेलच असं नाही. शोरूममध्ये किंवा गोदामात काढलेले महिने वयात धरले जात नाहीत.

मला या हिशेबाचं गणित पटत नाही. टॅक्सीला ठरावीक मुदतीने पासिंग करावंच लागतं. ब्रेक, धूर, पत्रा तिथे तपासला जातो. तपासणी नीट होत असेल तर वयाची अट कशाला, आणि होत नसेल तर 19 वर्षांची गाडी सुरक्षित कशी? शिवाय अट फक्त टॅक्सीला. तीच पद्मिनी खासगी असेल तर फेरनोंदणी करून, पर्यावरण कर भरून आजही चालवता येते. दुसरी बाजूही आहे: टॅक्सी दिवसभर, बहुतेकदा दोन पाळ्यांत धावते, तिची झीज घरच्या गाडीशी मोजता येत नाही. आणि शेवटी शेवटी भाग मिळेनासे झाल्यावर खुद्द ड्रायव्हरच कंटाळले होते. परमिट तेच ठेवून गाडी बदलायची सोय असल्यामुळे बहुतेकांनी 2023 ची वाट पाहिलीच नाही. 1990 च्या दशकात शहरातल्या टॅक्सी म्हणजे जवळपास सगळ्या फियाटच, पण मुदत संपायच्या दिवशी उरल्या होत्या त्या बोटावर मोजण्याइतक्या.

निदान एक तरी गाडी जपून ठेवा, अशी मागणी टॅक्सीवाल्यांच्या एका संघटनेने केली होती. कुर्ल्याच्या कारखान्याच्या जागेवर आता निवासी आणि व्यापारी संकुल उभं आहे. पण त्या भागात जायचं तर स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला अजून ‘प्रीमियर रोड’ म्हणायचं, तो पुढे काही विचारत नाही.