बाइकचं ऑइल जाड हवं की पातळ?

डब्यावर १०डब्ल्यू-४० वाचलं की बहुतेकांना वाटतं, थंड असताना हे ऑइल १० इतकं पातळ आणि तापलं की ४० इतकं जाड. पण तापल्यावर जाड होणारं इंजिन ऑइल अजून कुणी बनवलेलं नाही. साधारण १०डब्ल्यू-४० ची व्हिस्कॉसिटी, म्हणजे जाडपणा, ४० अंश सेल्सिअसला ९०-१०० सेंटीस्टोक्सच्या (हे जाडपणाचं एकक) आसपास असते, १०० अंशांना ती १४ च्या घरात येते. म्हणजे सहा-सात पटींनी पातळ!

डब्यावरचे १० आणि ४० हे आकडे दोन वेगळ्या चाचण्यांचे आहेत, त्यांची एकमेकांशी तुलना करूच नये. डब्ल्यू विंटरचा. कडाक्याच्या थंडीत क्रँक फिरायला हवा, म्हणून १०डब्ल्यू ऑइल उणे २५ अंशांना आणि २०डब्ल्यू उणे १५ अंशांना एका ठरावीक मर्यादेपलीकडे दाट होता कामा नये. दुसरा आकडा मुख्यतः १०० अंशांवरचा: ९.३ ते १२.५ सेंटीस्टोक्स म्हणजे ३०, तिथून १६.३ पर्यंत ४०, पुढे २१.९ पर्यंत ५०. ही वर्गवारी एसएई या संस्थेची. त्यातही १२.४ चं ‘तीस’ आणि १२.६ चं ‘चाळीस’ यांतला फरक इंजिनाच्या खिजगणतीतही नसतो.

तापलेलं ऑइल फार पातळ होऊ नये म्हणून त्यात पॉलिमरचे लांबलचक रेणू मिसळतात. थंडीत हे रेणू वेटोळं करून पडून असतात. उष्णता वाढली की उलगडतात, जास्त जागा व्यापतात आणि ऑइलच्या वाहण्याला अटकाव करतात. कारमध्ये गिअरबॉक्सचं ऑइल सहसा वेगळं असतं. बहुतेक गिअरच्या बाइकमध्ये मात्र इंजिन, गिअर आणि क्लच यांना एकच ऑइल पुरवायचं असतं, आणि गिअरचे दाते हे रेणू अक्षरशः तोडतात. तुटलेला रेणू पुन्हा जुळत नाही. त्यामुळे भरताना ४० असलेलं ऑइल बदलायची वेळ येईपर्यंत १२.५ च्या खाली उतरून ३० झालेलं असू शकतं. गिअर टाकताना खट्ट आवाज येऊ लागला, न्यूट्रल चटकन सापडेना, तर कारण अनेकदा हेच असतं. (आधी क्लच केबलचा ताण बघून घ्या.)

मग सरळ ५० च का घालू नये? ऑइल जाड तितका धातूंमधला थर जाड, हे खरंच आहे. पण जाड ऑइल सकाळी वर कॅमशाफ्टपर्यंत उशिरा पोहोचतं, पंपावर भार टाकतं, मायलेज खातं. शिवाय ते कमी वाहतं, त्यामुळे उष्णताही कमी वाहून नेतं. बेअरिंगमधली फट ज्या ग्रेडसाठी ठेवलेली असते, तिच्याशी भांडण्यात फायदा नाही.

क्लचचं प्रकरण निराळं आहे. तो ऑइलमध्ये बुडालेला असेल तर डब्यावर जासो या जपानी संस्थेचं एमए किंवा एमए२ हे चिन्ह हवंच. इंधन वाचवणाऱ्या कारच्या ऑइलमधली घर्षण कमी करणारी रसायनं क्लच प्लेट घसरवू शकतात. एमबी हे कोरड्या क्लचच्या स्कूटरसाठी. ग्रेड अचूक आणि हे अक्षर चुकीचं, असं झालं तरी पिकअप बसतो.

मॅन्युअलमध्ये बऱ्याचदा बाहेरच्या तापमानानुसार दोन-तीन ग्रेड दिलेल्या असतात. निवड तेवढ्यातच करावी. एअर-कूल्ड इंजिन, रणरणतं ऊन आणि रांगती वाहतूक असेल तर त्यातली जाड. थंड हवा आणि पाच-दहा मिनिटांच्या फेऱ्या असतील तर पातळ. जुनी गाडी ऑइल पीत असेल तर एक पायरी जाड ऑइलने निळा धूर थोडा कमी होतो, पण झिजलेली रिंग किंवा व्हॉल्व्ह सील त्याने भरून येत नाही. अशा गाडीची डिपस्टिक दर आठवड्याला बघावी लागते, कारण पातळी खाली गेली की डब्यात कुठली ग्रेड होती याने काही फरक पडत नाही.