एका वेळी एकच गाडी

गोव्यातल्या आतल्या गावांकडच्या लोखंडी पुलाच्या अलीकडे रस्ता आकसतो आणि पाय आपसूक ब्रेकवर जातो. पलीकडच्या टोकाला कदंब बस दिसली तर थांबायचं, तिला आधी येऊ द्यायचं. रस्ता मोकळा असेल तर दुसऱ्या गिअरमध्ये गाडी पत्र्यावर घालायची. टायर लोखंडावर चढला की डांबराचा आवाज बंद होतो आणि खालून खडखडाट सुरू होतो. प्लेटांचे बोल्ट एकेक करून हजेरी देतात. पावसाळ्यात स्कूटरवर असाल तर मधे ब्रेक लावायचा नाही आणि हँडल वळवायचं नाही. गुळगुळीत झालेल्या ओल्या पत्र्यावर टायरची पकड डांबराच्या मानाने फारच कमी असते. वडिलांच्या स्कूटरवर मागे बसून असा पूल ओलांडताना मी श्वास धरून ठेवत असे, जणू माझ्या श्वासाचंही वजन त्या पुलावर पडणार होतं.

हे पूल इतके अरुंद का आणि लोखंडाचेच का, हा प्रश्न तेव्हा पडला नव्हता. त्याचं उत्तर शोधायला बरंच मागे जावं लागतं. कारण गोव्यात कित्येक शतकं नदीचं मुख्य काम वाट अडवणं हेच होतं.

तिसवाडीचा नकाशा समोर धरा. उत्तरेला मांडवी, दक्षिणेला झुआरी, आणि दोघींना जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा पूर्वेला. म्हणजे पणजी आणि जुनं गोवं ज्या भूमीवर आहेत, ती चारी बाजूंनी पाण्याने वेढलेली. राजधानी राखायची तर नदी ओलांडण्याच्या मोजक्या जागा राखायच्या, हा हिशेब आदिलशाहीचाही होता आणि पोर्तुगिजांचाही. बाणस्तारी ही त्यातली कळीची जागा. 1510 मध्ये गोवा घेतल्यावरही 1512 साली आफोंसो दी आल्बुकेर्कला बाणस्तारीचा किल्ला आदिलशाही सैन्याकडून लढून घ्यावा लागला. पुढे पोर्तुगिजांनी तिथे आपली चौकी बसवली. नोव्हेंबर 1683 मध्ये संभाजी महाराजांच्या सैन्याने रात्री ओहोटी साधून जुवे बेट, म्हणजे सांत इस्तेव, घेतलं, तेव्हा जुन्या गोव्यात हाहाकार उडाला. व्हाइसरॉयने सेंट झेवियरच्या शवपेटीपाशी जाऊन त्यालाच साकडं घातलं. ज्या राज्याची झोप ओहोटीमुळे उडते, ते राज्य नदीवर पूल कशाला बांधेल?

अपवाद एकच, आणि तोही तटाच्या आतला. 1633-34 मध्ये व्हाइसरॉय लिन्यारिशच्या काळात पणजी ते रायबंदर हा चिऱ्यांचा बांध झाला. तीन किलोमीटरहून लांब, आजही त्यावरून वाहनं धावतात. पण तो मांडवीच्या काठाकाठाने, दलदलीतून आणि मिठागरांतून जातो. मांडवी ओलांडून पलीकडे बार्देशात तो कुणालाच नेत नाही.

पलीकडे जायचं ते होडीने, आणि पुढे मोटारलाँच आली तेव्हा तिने. जुनी माणसं तिला गाझोलीन म्हणत, कारण ती चाले त्या इंधनावर. अठराव्या शतकात फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे हे महाल पोर्तुगिजांकडे आले आणि राज्य एकदम आतवर पसरलं. मात्र या नव्या काबिजादीत, म्हणजे आमच्या देवळांच्या आणि मराठीच्या मुलुखात, ओहोळावरचा साकव हीच बऱ्याच गावांची पुलाची कल्पना राहिली. दोन माडांची खोडं टाकायची, पावसात वाहून गेली की पुन्हा टाकायची. मोटारी आल्यावर मोठ्या रस्त्यांवर पूल झाले, पण बेताचे. समोरासमोर दोन गाड्या येण्याचा प्रसंगच तेव्हा विरळा.

इथे एक गंमत सांगितली पाहिजे. 1928 मध्ये पोर्तुगालने वाहनं रस्त्याच्या उजवीकडून चालवायला सुरुवात केली. गोव्याला मात्र डावीकडूनच चालू दिलं, कारण शेजारी ब्रिटिश मुलूख होता आणि तिथे सगळे डावीकडून जात. लिस्बनचा हुकूम सीमेवरच्या पत्रादेवीच्या नाक्यापुढे हतबल झाला. अर्थात एकाच गाडीच्या पुलावर डावी-उजवी बाजू नसतेच. जो आधी चढला त्याची बाजू!

मग आला डिसेंबर 1961. भारतीय सैन्य शिरलं आणि माघार घेणाऱ्या पोर्तुगीज सैन्याने तोच जुना हिशेब मांडला: नदी राखा. अस्नोडा, डिचोली, बाणस्तारी, बोरी इथले पूल 18 डिसेंबरला सुरुंग लावून उडवले गेले. चारशे वर्षांपूर्वी चौकी होती, आता दारूगोळा होता, एवढाच फरक. 18 तारखेच्या संध्याकाळी सैन्य बेतीला पोचलं, समोर पणजीचे दिवे, मधे मांडवी. 19 डिसेंबरच्या सकाळी नदी ओलांडून सैनिक पणजीत उतरले. गोवा मुक्त झाला तेव्हा त्याच्या ताब्यात स्वातंत्र्य होतं आणि तुटलेले रस्ते होते.

अशा वेळी जगभर जी वस्तू कामी येते ती म्हणजे जुळणीचा लोखंडी पूल. दुसऱ्या महायुद्धात डोनाल्ड बेली या ब्रिटिश इंजिनिअरने त्याचा आराखडा केला. दहा फूट लांब, पाच फूट उंच लोखंडी चौकट, मधे तिरक्या पट्ट्या. वजन सुमारे 260 किलो, म्हणजे सहा माणसांनी उचलायचं ओझं. चौकटी खिळींनी एकमेकींना जोडायच्या, एका काठावर फिरत्या रोलरांवर ठेवायच्या आणि ढकलत ढकलत पलीकडे न्यायच्या. क्रेन नको, नदीत खांब नको. वजन वाढलं तर चौकटींची दुसरी रांग लावायची. वरती आधी लाकडी फळ्या असत, पुढे लोखंडी पत्रे आले.

या पुलाचा जन्मच घाईतला. सैन्य पलीकडे जावं, मागून रसद जावी, आणि खरा पूल झाला की हा उलगडून दुसरीकडे न्यावा, एवढीच अपेक्षा. म्हणून रुंदी मोजून मापून ठेवलेली. सुरुवातीच्या बेली पुलांवर गाडीला मिळे जेमतेम पावणेअकरा फूट, म्हणजे सव्वातीन मीटरच्या थोडं वर. आपल्याकडे ट्रकची कायदेशीर रुंदी 2.6 मीटरपर्यंत असू शकते. म्हणजे असा ट्रक बरोबर मधून नेला तरी दोन्ही बाजूंना जेमतेम दीड वीत जागा. आरशाच्या काचा फुटतात त्या इथे. आज एकेरी पूल बांधायचा झाला तरी सव्वाचार मीटर रुंदी धरतात.

तात्पुरतं काही बांधलं की ते आपल्याकडे कायमचं होतं. त्याला इलाज नाही. पूल चालतोय ना, मग चालू दे.

पण त्याच्यावरून जाणारी ओझी बदलत गेली. पोर्तुगीज राजवटीच्या शेवटच्या वर्षांत लोह खनिजाचा धंदा जोम धरू लागला होता. मुक्तीनंतर तो वाढला, आणि 2000 नंतर चीनकडून मागणी आली तेव्हा फुगला. खाणीतून ट्रक, ट्रकमधून उसगाव-सावर्ड्याकडच्या धक्क्यांवर, तिथून बार्जने मुरगाव बंदरात. ट्रकांच्या रांगा गावांतून आणि अरुंद पुलांवरून धडधडत गेल्या. त्या भागातल्या माणसाला पूल ओलांडणं म्हणजे काय ते विचारा. दहा टन लाल माती भरलेला ट्रक समोर, मागे तसाच दुसरा, मधे तुमची स्कूटर. 2012 मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा पोटावर पाय आला खरा, पण पुलांनी श्वास सोडला असणार.

लोखंडाचा वैरी मात्र ट्रकपेक्षाही आपली हवा आहे. इथल्या नद्यांत भरतीचं खारं पाणी कित्येक किलोमीटर आत शिरतं, वर्षाला तीनेक हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि खारटपणा हवेतच असतो. गंज उघड्यावर लागला तर दिसतो, घासून रंग देता येतो. तो लागतो तिथे, जिथे हात पोचत नाही: दोन पत्र्यांच्या फटीत, बोल्टच्या डोक्याखाली, चौकटीच्या तळाशी जिथे लाल चिखल आणि कुजकी पानं साचून महिनोन्‌महिने ओल धरून ठेवतात. वरून रुपेरी रंग चकाकतो आणि आतली पट्टी कागदासारखी झालेली असते.

18 मे 2017 च्या संध्याकाळी कुडचड्याजवळ सावर्ड्याच्या नदीवरचा पोर्तुगीजकालीन लोखंडी पादचारी पूल कोसळला. तो वापरासाठी बंद केलेला होता. नदीत उडी घेतलेल्या एका माणसाचा शोध चालू होता आणि तो बघायला लोक त्या बंद पुलावर जमले होते. बरेच जण पाण्यात पडले, जीवही गेला. त्याच्या आदल्याच वर्षी, 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात वाहून गेला होता, दोन एसटी बसगाड्यांसकट. मुंबईहून चतुर्थीला गावी येणाऱ्या प्रत्येकाने तो पूल कधी ना कधी ओलांडलेला.

काँक्रीट म्हणजे कायमचं, हा समज गोव्यात त्याच्याही आधी फुटला होता. 1970 मध्ये मांडवीवर मोठा पूल झाला आणि बेतीची लाँच मागे पडली असं वाटलं. 5 जुलै 1986 रोजी तो पूल पडला. काँक्रीटच्या आत ताणून बसवलेल्या पोलादी तारा गंजल्या होत्या. वरून बघणाऱ्याला त्या दिसणार कशा? लोखंडी पूल निदान आवाज करून सांगतो. नवा पूल 1992 मध्ये होईपर्यंत पणजी पुन्हा फेरीबोटीच्या वेळापत्रकावर गेली, आणि बार्देशाच्या बाजूने मांडवी काही वर्षं पुन्हा पूर्वीसारखी वाट अडवू लागली.

आता 2019 पासून मांडवीवर अटल सेतू आहे, झुआरीवर 2022 च्या डिसेंबरपासून तारांनी टांगलेला रुंद पूल आहे. त्यावरून ऐंशीच्या वेगाने जाताना खाली नदी आहे हेसुद्धा कळत नाही. आतल्या गावांकडे वळलं की मात्र अजून कुठे कुठे तो पत्रा भेटतो. समोरच्याने दिवा दोनदा चमकवला तर ‘तू ये’ की ‘मी येतो’ यावर गोव्यात अजून एकमत नाही. त्यामुळे मी काच खाली करतो, हात बाहेर काढतो आणि समोरच्याला खूण करतो. पलीकडचा बहुतेक वेळा पदर सावरत होंडा अॅक्टिव्हावर बसलेली एखादी काकी असते. ती हसते, आणि आधी निघते.