गनमू (बॅटल एंजल अलिटा)

गनमू ही युकितो किशिरो (जन्म १९६७) या जपानी चित्रकथाकाराची विज्ञानकाल्पनिक मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा. शुएशा या प्रकाशनसंस्थेच्या 'बिझनेस जंप' या तरुण, कमावत्या पुरुष वाचकांसाठीच्या नियतकालिकातून ती १९९० ते १९९५ या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली आणि पुढे नऊ खंडांत पुस्तकरूपाने आली. नाव दोन चित्रलिपी चिन्हांचे आहे. एकाचा अर्थ बंदूक, दुसऱ्याचा स्वप्न. इंग्रजी आवृत्तीत मांगाचे नाव 'बॅटल एंजल अलिटा' झाले आणि नायिका गॅलीची अलिटा झाली. भारतात ती ओळखली जाते ती २०१९ च्या चित्रपटामुळे, म्हणजे अलिटा याच नावाने. या नोंदीत मूळ जपानी नावे ठेवली आहेत.

गॅली सायबोर्ग आहे. मराठीत अशा पात्राला सरसकट यंत्रमानव म्हटले जाते, पण त्याने घोटाळा होतो. यंत्रमानव आतबाहेर यंत्रच असतो. सायबोर्गचे शरीर कारागिराने घडवलेले असते, मेंदू मात्र आईच्या पोटी जन्मलेल्या माणसाचा असतो. हा फरक वाचकाने पहिल्या पानापासून ध्यानात ठेवावा, कारण किशिरोने सगळी कथा त्यावरच तोलली आहे.

काळ आजपासून कित्येक शतके पुढचा. आकाशात झालेम नावाचे शहर लटकते आहे आणि खाली, अगदी त्याच्या सावलीत, कुझुतेत्सु आहे. 'कुझु' म्हणजे टाकाऊ आणि 'तेत्सु' म्हणजे लोखंड, म्हणजे ही भंगारनगरीच. झालेमचा सगळा कचरा वरून इथे कोसळतो आणि त्याचे डोंगर झाले आहेत. खालचे लोक तो उपसतात, निवडतात, विकतात आणि त्यातूनच स्वतःचे हातपायही जोडून घेतात. शेतमाल आणि कारखान्यांतला माल प्रचंड नळ्यांतून वर जातो, माणसाला मात्र वर जायला वाट नाही. झालेमच्याही वर, अंतराळात, जेरू नावाचे आणखी एक शहर आहे. जेरू आणि झालेम ही नावे जोडून वाचली की जेरुसलेम होते. खालून मान वर करून पाहणाऱ्यांच्या लेखी झालेम स्वर्गच आहे, आणि किशिरोने ते नावातच पेरून ठेवले आहे.

भंगारनगरीत पोलीस नाहीत. 'फॅक्टरी' नावाची यंत्रणा झालेमच्या वतीने कारभार पाहते आणि तिला आपल्या कामापलीकडे कशाशीच देणेघेणे नसते. बंदूक बाळगणे आणि उडणारे यंत्र बनवणे हे तिथले सर्वांत मोठे गुन्हे. बंदूक नको, कारण ती सत्तेवर रोखता येते. उडणे नको, कारण उडणारा वर पोचेल. खुनी आणि दरोडेखोरांना पकडण्याचे काम परवानाधारक शिकारी करतात. गुन्हेगाराचे मुंडके आणून टाकायचे आणि ठरलेले बक्षीस मोजून घ्यायचे. या दोन कायद्यांतून ही नगरी जितकी कळते तितकी लांबलचक पार्श्वभूमी सांगूनही कळली नसती. गनमूची पकड इथूनच बसते. दडपशाहीवर कुणी भाषण देत नाही, ती रोजच्या व्यवहारात दिसते.

कथा सुरू होते ती दाइसुके इदो या डॉक्टरच्या हाती भंगारात एक मुंडके आणि छातीपर्यंतचे धड लागते तिथून. मुलीचा चेहरा शाबूत आहे, मेंदू जिवंत आहे, स्मृती कोरी. इदो तिला घरी आणतो, जागी करतो आणि गॅली हे नाव देतो. नाव त्याच्या नुकत्याच मेलेल्या बोक्याचे. चित्रपटाने हे बदलले आणि तिला इदोच्या मृत मुलीचे नाव दिले. त्याने प्रसंग जास्त हळवा झाला खरा, पण माझ्या मते मूळची कल्पनाच सरस आहे. बोक्याचे नाव मिळालेल्या मुलीवर कुणाची रिकामी जागा भरून काढण्याचे ओझे नसते. ती कोण होणार हे तिचे तिनेच ठरवायचे असते.

पहिल्याच प्रकरणात किशिरो तिला एका शंकेत टाकतो. इदो रात्री गुपचूप बाहेर पडतो, शहरात बायकांचे खून होत असतात, आणि घरात तिच्यासाठी नवे शरीर तयार होत असते. आपल्याला मिळणारे हातपाय कुणाच्या तरी मरणातून येत आहेत की काय, या भीतीने ती त्याच्या मागावर जाते. खरा प्रकार वेगळा निघतो. इदो स्वतःच शिकारी आहे आणि त्या खुन्याच्याच मागावर आहे. पण तो संकटात सापडतो आणि गॅलीचे शरीर आपोआप लढू लागते. मेंदू विसरला आहे, कौशल्य विसरलेले नाही. 'पान्झर कुन्स्ट' असे जर्मन नाव असलेली ही सायबोर्गांची युद्धकला मंगळावरची आहे, आणि गॅलीच्या हरवलेल्या भूतकाळाचा तो एकच धागा तिच्या हातात उरला आहे. स्वतःची ओळख तिला पहिल्यांदा मिळते ती एका लाथेत.

मालिकेत गॅलीची शरीरे बदलत जातात. इदोने बनवलेले नाजूक शरीर माकाकू नावाचा राक्षसी सायबोर्ग तोडून टाकतो. मग तिला 'बर्सर्कर' हे जुन्या युद्धातले शरीर मिळते, जे वापरायला इदो आधी कचरत असतो. पुढे शर्यतीसाठी वेगळे शरीर, नंतर झालेमच्या हेरखात्याने दिलेले आणखी वेगळे. दर वेळी जुने शरीर गमावताना ती आयुष्याचा एक तुकडा मागे टाकते. प्रेम करणारी गॅली, रागाने पेटलेली गॅली, हुकूम पाळणारी गॅली अशी तिची वये शरीरांवरून मोजता येतात. माकाकूचीही एक कथा आहे. तो गटारात टाकून दिलेले मूल होता. या मांगातला एकही दुष्ट मुळापासून दुष्ट नाही, प्रत्येकाला कुणीतरी आधी फेकून दिलेले आहे.

युगोचे प्रकरण मालिकेचा गाभा म्हणावे इतके ताकदीचे आहे. युगो हा हाडामांसाचा, हसरा, कामसू मुलगा. त्याला झालेमला जायचे आहे आणि एका दलालाने त्यासाठी एक कोटी चिप्स मागितल्या आहेत. (चिप हे तिथले चलन.) पैसे जमवायला तो रात्री सायबोर्गांना गाठून त्यांच्या पाठीचे कणे काढून विकतो. इथे कणा ही चोरून बाजारात नेण्याची वस्तू झाली आहे, जशी आपल्याकडे रात्रीतून गाडीची चाके जातात. युगोच्या भावाने कधीकाळी उडण्याचे यंत्र बनवायला घेतले होते, त्यापायी तो मारला गेला, आणि त्याचा हात युगोने स्वतःला जोडून घेतला. वर जाण्याची ओढ त्याने अशी अक्षरशः अंगावर वागवलेली आहे. चोरी उघड होते आणि त्याच्यावर बक्षीस लागते. तो मरणाच्या दारात असताना गॅली त्याचे मुंडके स्वतःच्या रक्ताभिसरणाला जोडून त्याला जगवते. इदो त्याला यंत्रशरीर देतो. आणि मग त्याला कळते की दलालाचे वचन खोटे होते, जमिनीवर जन्मलेल्याला वर प्रवेश नाहीच.

त्यानंतर युगो चालत निघतो. झालेमला जाणाऱ्या नळीवर चढून, पायीच. वरून घुसखोरांना चिरडणारे काटेरी कडे नळीवरून घसरत येते आणि त्याच्या शरीराच्या चिंध्या होतात. मागून धावत आलेली गॅली त्याचा हात पकडते. तिच्या पकडीत कसूर नाही, तिचे बोट एकही सुटत नाही. निखळतो तो युगोचा यंत्रहात, सांध्यापाशी. ज्या कारागिरीने त्याला जगवले तीच वजन पेलायला कमी पडते, आणि तो खाली जातो. मांगाच्या इतिहासात हातातून सुटलेले हात कमी नाहीत, पण पकडणारी हरली नाही आणि जोड हरला, असे चित्र मला दुसरे आठवत नाही.

यानंतर ती घर सोडते आणि 'मोटरबॉल'मध्ये उतरते. पायांना चाके लावलेले सायबोर्ग खेळाडू जड चेंडू घेऊन धावपट्टीवर सुसाट सुटतात आणि तो हिसकावण्यासाठी एकमेकांची शरीरे फोडतात. सबंध नगरी हा खेळ पाहायला लोटते. इथला विजेता जाशुगान हे किशिरोने सर्वांत आदराने रेखाटलेले पात्र. त्याचा मेंदू झिजत चालला आहे हे त्याला ठाऊक आहे, आणि शेवटची लढत तो गॅलीशी लढू इच्छितो. त्या लढतीतच तो संपतो. शोकाने खेळात शिरलेली गॅली एका मरणाऱ्या माणसाकडून जगण्याची उमेद घेऊन बाहेर पडते.

पुढच्या टप्प्यावर ती दहा वर्षे झालेमची हेर म्हणून खालच्या ओसाड प्रदेशात भटकते. कानात तिला सूचना देणारी, लू नावाची झालेमची तरुणी असते. दोघी कधी भेटलेल्या नाहीत, तरी आवाजावरच मैत्री जमते. याच भागात समुद्रकाठच्या अल्हांब्रा गावचा, पूर्णपणे हाडामांसाचा लढवय्या फोगिया फोर येतो. इंग्रजीत तो फिगर फोर झाला. गॅलीचे त्याच्यावर प्रेम बसते. आणि शोध चालू असतो तो देस्ती नोव्हाचा. नोव्हा झालेममधून बाहेर पडलेला शास्त्रज्ञ आहे, पुडिंगचा शौकीन, खुनशी आणि लाघवी. त्याच्या संशोधनाचा विषय कर्म. आपला, संस्कृतातून बौद्ध धर्माबरोबर जपानपर्यंत गेलेला तोच शब्द. माणूस कर्माच्या ओढीतून सुटू शकतो का, हे पाहण्यासाठी तो माणसांना अचाट शक्ती देतो आणि त्यांचे काय होते ते बघत बसतो. माकाकूलाही शरीर त्यानेच दिले होते आणि जाशुगानचे आयुष्यही त्यानेच लांबवले होते.

झालेमचे गुपित नोव्हाच फोडतो. वरच्या प्रत्येक नागरिकाचा मेंदू वयात येताच काढून घेतला जातो आणि कवटीत मेंदूचे काम करणारी चिप बसवली जाते, त्यांच्या नकळत. म्हणजे खाली लोखंडी शरीरात माणसाचा मेंदू आहे आणि वर सुंदर, निरोगी शरीरात मेंदूच नाही. इदो मूळचा झालेमचा. कपाळावरचे वर्तुळ ही त्याची खूण. हे कळल्यावर तो ते सहन करू शकत नाही आणि आपली स्मृती पुसून घेतो. पण किशिरो इथे थांबत नाही, आणि मला गनमू आवडते ते यामुळे. वरचे लोक खोटे, खालचे खरे, असा सोपा निवाडा तो देत नाही. लूच्याही डोक्यात चिपच आहे, तरी तिची माया खरी होती. गॅलीलाही ते नाकारता येत नाही. माणूसपण मेंदूत नाही आणि मांसातही नाही, तर मग कुठे, हा प्रश्न वाचकाकडे तसाच येतो.

चित्रांबद्दल थोडे. किशिरो यंत्र काढताना त्याचा वापर काढतो. सांधे, नळ्या, झिजलेली पाती, ठिगळे, एखाद्या हातावर उरलेला जुना रंग. लढाईच्या पानांवर वेगाच्या रेषा दाट असतात, तरी कोण कुठे उभा आहे हे कधी हरवत नाही. गॅलीच्या चेहऱ्यावर जाड ओठ आणि मोठे डोळे असतात, आणि धातूच्या गर्दीत नजर तिथेच ठरते. हिंसा मात्र अनावर आहे, ती लहान मुलांच्या हाती देण्यासारखी मांगा नाही. कोवळ्या दिसणाऱ्या मुलीचे शरीर पुन्हा पुन्हा फोडले जाते आणि हे पुरुष वाचकांच्या नियतकालिकात घडते, हा आक्षेप गंभीर आहे आणि झटकून टाकता येत नाही. तरी प्रत्येक मोडतोडीनंतर निर्णय गॅलीचाच असतो, पुढच्या शरीरात काय करायचे हे ती ठरवते.

१९९५ चा शेवट घाईत उरकलेला होता आणि किशिरोला तो रुचला नव्हता. २००० साली त्याने तो बाजूला ठेवून 'गनमू लास्ट ऑर्डर' सुरू केली. तिचे १९ खंड झाले आणि ती २०१४ पर्यंत चालली. मधल्या काळात, २०१० मध्ये, जुन्या खंडांच्या नव्या आवृत्तीतले काही शब्द बदलण्यावरून त्याचे शुएशाशी मतभेद झाले आणि मालिका कोदान्शा या दुसऱ्या प्रकाशनसंस्थेच्या 'इव्हनिंग' या नियतकालिकात गेली. 'लास्ट ऑर्डर'चा मोठा भाग व्यापणारी अंतराळातली लढतींची स्पर्धा फार लांबली आहे आणि भंगारनगरीचा दर्प तिथे विरतो. पण माणूसपणाचा मूळ प्रश्न किशिरो तिथे आणखी आत नेतो. नोव्हाने गॅलीला पुन्हा उभे केले तेव्हा तिचाही मेंदू काढून चिप बसवली होती, हे तिला तिथे कळते. २०१४ पासून 'गनमू मार्स क्रॉनिकल' हा तिसरा भाग मंगळावरच्या तिच्या बालपणाकडे वळला. तिथे ती योको आहे.

१९९३ मध्ये मॅडहाउस स्टुडिओने हिरोशी फुकुतोमी यांच्या दिग्दर्शनाखाली दोन भागांची ॲनिमेशन मालिका केली. चिरेन हे इदोच्या जुन्या सहकारिणीचे पात्र तिथले, मांगात ती नाही. जेम्स कॅमेरॉन यांनी या कथेवर वर्षानुवर्षे काम केले, पण ते 'अवतार'मध्ये गुंतले. अखेर रॉबर्ट रॉड्रिगेझ यांनी दिग्दर्शित केलेला 'अलिटा: बॅटल एंजल' फेब्रुवारी २०१९ मध्ये आला. निर्माते कॅमेरॉन आणि जॉन लँडाऊ, अलिटाच्या भूमिकेत रोझा सालाझार. जगभरात त्याने सुमारे ४० कोटी डॉलरचा गल्ला केला, त्यात चीनचा वाटा अमेरिकेपेक्षा मोठा होता. संगणकाने मोठे केलेले डोळे पाहून अनेक जण बिचकले, पण ते डोळे मांगातूनच आलेले आहेत. चित्रपटाने युगोला ह्युगो केले, मोटरबॉलही त्यातच गुंफले, आणि हात निखळण्याचा प्रसंग जवळजवळ जसाच्या तसा ठेवला. झालेमच्या मेंदूंचे गुपित मात्र तो सांगत नाही. ते वाचायला नऊ खंडांकडेच जावे लागते.