फुनाझुशी

फुनाझुशी हा आंबवलेल्या माशाचा पदार्थ असून जपानच्या शिगा प्रांतात, बिवा सरोवराकाठच्या गावांमध्ये तो परंपरेने केला जातो. गाबोळीने भरलेला गोड्या पाण्यातील फुना मासा प्रथम मिठात आणि नंतर शिजवलेल्या भातात कित्येक महिने, कधीकधी दोन-तीन वर्षे, दाबून ठेवून तो तयार होतो. भाताच्या मुटक्यावर कच्च्या माशाचा काप ठेवलेली सुशी आज जगभर परिचित आहे. ती एदो (आताचे टोकियो) शहरात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रूढ झाली. फुनाझुशी त्याहून कितीतरी जुन्या ‘नारेझुशी’ या प्रकारात मोडते. त्या प्रकारात भात हे खाण्याचे अन्न नसून मासा टिकवण्याचे साधन होते, आणि जपानी खाद्येतिहासात फुनाझुशीला जे महत्त्व दिले जाते ते मुख्यतः यामुळेच.

मासे भातात आंबवण्याची रीत आग्नेय आशिया व दक्षिण चीनमधील भातशेतीच्या प्रदेशांतून जपानमध्ये आली असावी, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. दहाव्या शतकात संकलित झालेल्या ‘एंगिशिकी’ या राजकीय नियमसंग्रहात ओमी प्रांतातून (शिगाचे जुने नाव) दरबारात पाठवायच्या जिनसांमध्ये आंबवलेल्या फुना माशाचा उल्लेख आढळतो. 1582 साली त्या काळचा प्रबळ सेनानी ओदा नोबुनागा याने अझुची या आपल्या किल्ल्यात तोकुगावा इएयासू या मित्र सरदाराला मेजवानी दिली, तिच्या उपलब्ध पदार्थयादीतही फुनाची सुशी आहे. माशाचा वास सहन न होऊन नोबुनागा व्यवस्था पाहणाऱ्या आपल्या सरदारावर, आकेची मित्सुहिदेवर, संतापला आणि मित्सुहिदेने पुढे त्याच्याविरुद्ध केलेल्या बंडाचे बीज तिथेच पडले, अशी कथा सांगतात. कथा रंगतदार असली तरी ती दंतकथेच्याच सदरात ठेवणे बरे.

या पदार्थासाठी निगोरोबुना ही फुनाची जात सर्वोत्तम समजली जाते. ती फक्त बिवा सरोवराच्या जलप्रणालीत आढळते. सुमारे 670 चौरस किलोमीटर विस्ताराचे बिवा हे जपानमधील सर्वांत मोठे आणि जगातील अतिप्राचीन सरोवरांपैकी एक असल्यामुळे अशा अनेक स्थानिक जाती त्यात विकसित झाल्या आहेत. वसंतात अंडी घालण्यासाठी काठाकडे सरकणाऱ्या माद्या पकडतात. खवले व कल्ले काढल्यावर कल्ल्यांच्या फटीतूनच आकडी घालून आतडी बाहेर ओढली जातात. पोट कुठेही चिरले जात नाही आणि गाबोळी जागच्या जागी राहते. हे काम कौशल्याचे असते, कारण पित्ताशय फुटले तर मासा कडू होतो आणि गाबोळीला धक्का लागला तर त्याची निम्मी किंमत गेली. त्यानंतर पोटात व बाहेरून भरपूर मीठ भरून मासे पिंपात थरांनी रचतात आणि उन्हाळ्यापर्यंत खारवत ठेवतात.

ऐन उन्हाळ्यात हे खारे मासे स्वच्छ धुऊन सावलीत सुकवले जातात. मग प्रत्येक माशात भात भरून, लाकडी पिंपात भाताचा एक थर आणि माशांचा एक थर अशी रचना करतात. वर झाकण आणि त्यावर जड धोंडे ठेवतात. बरेच जण झाकणावर पाणी घालून ठेवतात, म्हणजे हवा आत शिरत नाही. पुढचे काम जिवाणूंचे. दही आणि इडलीचे पीठ आंबवणाऱ्या जिवाणूंच्याच कुळातील हे दुग्धाम्लजनक जिवाणू भातातील पिष्टापासून आम्ल तयार करतात. ते आम्ल माशात मुरते आणि मीठ व आम्ल यांच्या जोडीपुढे कुजवणाऱ्या जंतूंचे काही चालत नाही. उष्णतेने आंबण्याला वेग येतो, म्हणूनच भातात रचण्याचे काम उन्हाळ्यात केले जाते. नववर्षाच्या सुमारास पिंप उघडते तेव्हा भाताचा आंबट लगदा झालेला असतो आणि माशाची हाडे इतकी मऊ पडलेली असतात की तो काट्यांसकट खाता येतो.

मासा आडवा, दोन-तीन मिलिमीटर जाडीचे काप करून वाढतात. प्रत्येक कापात मध्यभागी नारिंगी गाबोळी आणि भोवती फिकट मांसाचे कडे दिसते. वास उग्र असतो, त्यात शंका नाही. चव मात्र त्या मानाने सौम्य, आंबट-खारट आणि जुन्या चीजच्या जवळ जाणारी असते. भाताचा लगदा काही जण निपटून टाकतात, तर काही जण मुद्दाम खातात. नव्याने चव घेणाऱ्याने दोन पातळ काप, थोडा लगदा आणि सोबत साके (तांदळाची जपानी दारू) एवढ्यावरच सुरुवात करावी. एखादा काप गरम भातावर ठेवून त्यावर चहा किंवा गरम पाणी ओतून खाण्याची पद्धतही रूढ आहे. सर्दी झाली किंवा पोट बिघडले की गरम पाण्यात फुनाझुशी घालून घेणे हा सरोवराकाठचा जुना घरगुती उपाय आहे.

हा पदार्थ सणावाराशी आणि देवकार्याशीही जोडलेला आहे. मोरियामा शहरातील शिमोनीकावा या शिंतो देवस्थानात 5 मे रोजी ‘सुशीकिरी’ उत्सव होतो. त्यात दोन तरुण हाताचा स्पर्श न करता, लांब सुरी व धातूच्या काड्या वापरून देवापुढे फुनाझुशी कापतात. 1998 मध्ये शिगा प्रांताने सरोवरातील माशांच्या नारेझुशीला लोकसंस्कृतीचा वारसा म्हणून मान्यता दिली आणि 2023 मध्ये ओमीतील नारेझुशी करण्याच्या कौशल्याची राष्ट्रीय पातळीवर नोंद झाली.

मात्र मान्यता मिळत गेली त्याच काळात मासा दुर्मीळ होत गेला. निगोरोबुनाची पिल्ले काठच्या बोरूच्या बनांत वाढतात, आणि पूर्वी हे मासे पाटांतून वर चढून भातखाचरांतही अंडी घालत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात किनारे बांधून काढल्यामुळे व शेतीची नव्याने आखणी झाल्यामुळे बोरूची बने घटली आणि खाचरांकडची वाट तुटली. त्यातच परदेशी ब्लॅक बास व ब्लूगिल हे मासे सरोवरात पसरले आणि पिल्ले खाऊ लागले. ब्लूगिल जपानमध्ये 1960 साली युवराज अकिहितो यांना अमेरिकेत मिळालेल्या भेटीतून आला होता. सम्राट झाल्यावर 2007 मध्ये त्यांनी शिगा प्रांतातील समारंभात त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. आज निगोरोबुना संकटग्रस्त जातींच्या यादीत आहे. गाबोळीचा एक मासा कित्येक हजार येनला विकला जातो आणि एके काळी घरोघरी होणारा पदार्थ बऱ्याच कुटुंबांत भेटीदाखल विकत घेण्याची वस्तू झाला आहे. उपायही चालू आहेत. पिल्ले सोडली जातात, आणि पाटांत पायऱ्यापायऱ्यांचे बांध घालून माशांना पुन्हा खाचरांत चढता येईल अशी सोय केलेल्या शेतांचा तांदूळ वेगळ्या नावाने विकला जातो. मासेमारी व भातशेती यांच्या या जोडव्यवस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने 2022 मध्ये जागतिक महत्त्वाच्या कृषिवारशात स्थान दिले. केवळ कौशल्याची नोंद करून हा पदार्थ टिकणार नाही, खाचर आणि सरोवर यांच्यातली वाट मोकळी राहिली तरच टिकेल, हे या प्रयत्नांमागचे सूत्र योग्यच म्हटले पाहिजे.

फुनाझुशी चाखण्यासाठी शिगातच जाणे इष्ट. क्योतोहून रेल्वेने दहा मिनिटांच्या अंतरावर असलेल्या ओत्सू शहरात ती विकणारी जुनी दुकाने आहेत. पश्चिम किनाऱ्यावरील ताकाशिमा येथे 1619 पासूनची परंपरा सांगणारे ‘किताशिना’ आहे. त्याच्या उत्तरेस माकिनोजवळील काइझू गावात 1784 मध्ये सुरू झालेले ‘उओजी’ असून, त्याच्याच ‘कोरिआन’ या भोजनगृहात सरोवराकडे पाहत फुनाझुशीचे निरनिराळे पदार्थ क्रमाने वाढले जातात. उत्तरेकडील छोट्या योगो सरोवराकाठचे ‘तोकुयामाझुशी’ आंबवलेल्या पदार्थांसाठी नावाजलेले आहे. अशा ठिकाणी आधी जागा राखून ठेवावी लागते. खाण्याआधी जिवंत निगोरोबुना पाहायचा असेल, तर कुसात्सू येथील बिवा सरोवर संग्रहालयाच्या मत्स्यालयात तो पाहता येतो. घरी न्यायची असेल तर निर्वात पाकिटातला, आधीच कापलेला मासा घ्यावा, आणि पाकीट उघडल्यावर तो शीतकपाटात घट्ट झाकणाच्या डब्यातच ठेवावा.