लिहायचं बोटस्वेन, म्हणायचं बोसन

बी, ओ, ए, टी, एस, डब्ल्यू, ए, आय, एन. ही अक्षरं एका ओळीत दिसली की आपण ‘बोटस्वेन’ वाचून मोकळे होतो. उच्चार मात्र आहे ‘बोसन’. जहाजाच्या डेकवरचे दोर, नांगर आणि तिथले खलाशी ज्याच्या हाताखाली असतात, तो बोसन.

असे शब्द भेटले की इंग्रजीला काही धरबंद नाही, असं म्हणून आपण पुढे जातो. मला ते पटत नाही. ही झीज नियमाने झाली आहे आणि तो नियम आपल्याच तोंडात तपासून पाहता येतो.

‘स्वेन’ हा स्कँडिनेव्हियातल्या जुन्या नॉर्स भाषेतून आलेला शब्द. अर्थ पोरगा, गडी. म्हणजे बोटीवरचा गडी. इंग्रजी जोडशब्दात जोर बहुधा पहिल्या तुकड्यावर पडतो. दुसऱ्या तुकड्याला जोर उरला नाही की त्यातला स्वर आखडतो आणि ‘ए’चा पुसट ‘अ’ होतो. अशा दुबळ्या तुकड्यातला डब्ल्यूही गळतो. ‘आन्सर’मध्ये तो असाच गेला. भूगोलात शिकलेल्या ग्रीनिचच्या स्पेलिंगमध्येही डब्ल्यू आहे, पण आपण तो कधी उच्चारला नाही. राहिला ‘स’ला चिकटलेला ‘ट’. ‘बो’वर जोर देऊन ‘बोटस्वेन’ दहा वेळा भरभर म्हणा. तो कुठे सांडतो ते जिभेलाच कळेल.

जहाजावर असे शब्द पुष्कळ. होडीच्या काठाची वरची कड म्हणजे ‘गनल’, लिहिताना गनवेल. त्या कडेवर कधीकाळी तोफा टेकवत. जहाजाचा पुढचा भाग ‘फोक्सल’, आणि स्पेलिंग चक्क फोरकॅसल! मध्ययुगात तिथे तिरंदाजांसाठी गढीसारखा उंच माचा बांधत, म्हणून कॅसल.

आपल्याकडेही हेच झालं. देवकुलाचं देऊळ झालं, राजकुलाचं राऊळ. फरक इतकाच, की मराठी लेखणी तोंडामागून चालत गेली. इंग्रजी स्पेलिंग मात्र बरंचसं जुन्या जागीच थांबलं.

काही अक्षरांची गोष्ट अगदी उलटी आहे. ‘विटल्स’ म्हणजे अन्नसामग्री. हा शब्द फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात सी नव्हता. पुढे मूळ लॅटिन शब्दाची आठवण म्हणून विद्वानांनी तो स्पेलिंगमध्ये घातला. लोकांच्या तोंडी तो बसलाच नाही. ‘टार्मिगन’ हा हिवाळ्यात पांढराशुभ्र होणारा, स्कॉटलंडच्या डोंगरांतला पक्षी. नाव तिथल्या गेलिक भाषेतलं. स्कॉटिश निसर्गअभ्यासक रॉबर्ट सिबाल्ड यांनी 1684 साली त्याच्यापुढे पी लावला, कारण पिसाला ग्रीकमध्ये ‘प्टेरॉन’ म्हणतात. नात्याचा पत्ता नसताना लागलेला हा पी आजही मुक्याने बसून आहे.

झिजलेला उच्चार कधी कधी परतही येतो. कपाळाला इंग्रज पूर्वी ‘फॉरिड’ म्हणत आणि वेस्टकोटला ‘वेस्किट’. शब्द छापील पानावर दिसू लागले तसे ते डोळ्यांनी वाचले गेले आणि बहुतेकांच्या तोंडी ‘फोरहेड’, ‘वेस्टकोट’ पुन्हा पुरे झाले. बोसन मात्र टिकला, कारण तो डेकवर ओरडून शिकवला जात होता.

त्याच डेकवर कोकणातले खलाशीही होते. ब्रिटिश आगबोटींवर त्यांचा बोसन म्हणजे सारंग, आणि त्याच्या हाताखालचा तांडेल. गोऱ्या अधिकाऱ्यांनी ‘तांडेल’ हा शब्द कानांनी ऐकला आणि ऐकला तसा कागदावर उतरवला. इंग्रजी शब्दकोशात तो आजही आहे: टिंडल.