अंधारातलं चित्रण आणि आड येणारी काच

बुद्धपौर्णिमेला रानातले प्राणी बघायला पाणवठ्यावरच्या मचाणावर बसायला जाणारे ओळखीचे लोक उन्हाळा लागला की विचारू लागतात, "अंधारात शूट होईल असा कॅमकॉर्डर कुठला घेऊ?" दुकानात याचं उत्तर लक्सच्या, म्हणजे उजेड मोजायच्या एककाच्या, आकड्यात मिळतं. माझ्या मते आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: सेन्सरसमोरची इन्फ्रारेड अडवणारी काच या कॅमेऱ्यात बाजूला सरकते का? हा प्रश्न पहिला का, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

१८०० साली विल्यम हर्शेलने लोलकातून पडलेल्या रंगपट्ट्यात तांबड्याच्या पलीकडे, डोळ्याला काहीच दिसत नव्हतं तिथे, तापमापक ठेवला. पारा तिथेच सर्वांत जास्त चढला. ही अवरक्त, म्हणजेच इन्फ्रारेड, किरणांची पहिली ओळख. १९१० मध्ये रॉबर्ट वूड यांनी याच किरणांत टिपलेली निसर्गदृश्यं प्रसिद्ध केली. त्यांत आकाश काळंभोर आणि झाडांची पानं बर्फासारखी पांढरी होती. पुढे १९४० च्या दशकात न्यूयॉर्कचा छायाचित्रकार वीजी इन्फ्रारेड फिल्म घेऊन थिएटरच्या अंधारात प्रेक्षकांचे फोटो काढू लागला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस बंदुकांवर अवरक्त दिवा आणि दुर्बीण बसली. पण या सगळ्याला खास फिल्म लागे, नाहीतर अवरक्त चित्र डोळ्याला दिसेल असं करणारी लष्करी नळी. हौशी माणसाच्या आवाक्यातलं त्यात फारसं काही नव्हतं.

तो आवाका आला सिलिकॉनमुळे. १९६९ मध्ये बेल लॅब्समध्ये विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडी या सिलिकॉनच्या सेन्सरची कल्पना मांडली. त्यासाठी २००९ चं नोबेल त्यांना मिळालं. आपला डोळा साधारण ७०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास थांबतो, सिलिकॉनला मात्र सुमारे ११०० पर्यंत दिसतं. म्हणजे प्रत्येक व्हिडिओ कॅमेरा जन्मतःच अवरक्त पाहणारा. पण या जास्तीच्या दृष्टीने रंगांची वाट लागते. पानं फिकी पडतात, काळं कापड जांभळट दिसतं. म्हणून उत्पादकांनी सेन्सरपुढे निळसर झाक असलेली एक काच बसवली. सेन्सरला मुळात जे दिसत होतं, ते या काचेने अडवलं.

१९९८ मध्ये सोनीने हँडीकॅममध्ये 'नाईटशॉट' आणलं, तेव्हा केलं ते इतकंच: एक खटका सरकवला की ती काच बाजूला होई आणि पुढचा छोटा अवरक्त दिवा लागे. हिरवट चित्र, चमकणारे डोळे, पूर्ण काळोखात झोपलेलं बाळ. लोकांना ते फार आवडलं. त्याच वर्षी दुसरीही गोष्ट उघड झाली. नाईटशॉट दिवसा चालू करून लेन्सवर गडद इन्फ्रारेड फिल्टर लावला, तर काही पातळ कपडे, विशेषतः पोहण्याचे, आरपार दिसत. कंपनीने रचना बदलली. नंतरच्या मॉडेलांत नाईटशॉट चालू असताना शटर मंद आणि ॲपर्चर उघडं राहतं, त्यामुळे उन्हात चित्र पांढरंफटक होतं. दिवसा अवरक्त चित्रण करू पाहणारे निसर्गप्रेमी यावर अजून हळहळतात. मला तो बदल योग्यच वाटतो. न विचारता कुणाच्या अंगावरचे कपडे भेदणारं यंत्र बाजारात सर्रास मिळायला नको.

आजच्या निवडीवर या इतिहासाचा ठसा आहे. सोनीच्या काही हँडीकॅममध्ये, कॅननच्या एक्सए मालिकेतल्या अनेक मॉडेलांत सरकणारी काच आहे, पण महाग कॅमेऱ्यात ती असेलच असं नाही. २०१४ चा सोनी ए७एस आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, ४,०९,६०० पर्यंत नेतो आणि चांदण्यात रंगीत चित्र देतो. तरी झाडाच्या ढोलीत प्रकाशच नसेल, तर आयएसओ वाढवून फक्त दाणेच वाढतात. तिथे काच सरकणारा साधा कॅमकॉर्डर आणि वेगळा दिवा हेच कामाचं.

दिव्यातही फरक असतो. ८५० नॅनोमीटरचा दिवा आपल्याला मंद लाल ठिपक्यासारखा दिसतो, सावध जनावरालाही दिसण्याची शक्यता असते. ९४० चा दिवा दिसत नाही, पण सिलिकॉनची नजरही तिथे बरीच मंदावते, म्हणून तो जास्त ताकदीचा घ्यावा लागतो. शिवाय अवरक्त किरण लेन्समधून वेगळ्या ठिकाणी एकवटतात. दिवसा पक्का केलेला फोकस रात्री किंचित हलतो, तेव्हा हाताने फोकस करता येणारा कॅमेराच घ्यावा.

लक्सचं सांगायचं तर तो आकडा मानवी डोळ्याला दिसणाराच प्रकाश मोजतो. अवरक्त दिवा कितीही प्रखर असला तरी लक्स शून्यच. नाईटशॉट 'शून्य लक्स'मध्येही चालतं ही जाहिरात म्हणूनच खोटी नव्हती, आणि म्हणूनच निवडीला निरुपयोगी होती.

मचाणावर तर कॅमेऱ्याच्या अंगचा दिवा उपयोगी पडतच नाही. त्याची झेप दोनतीन मीटरची, आणि अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो. पाणवठा त्याहून कितीतरी लांब, शिवाय तिथे प्राण्यांवर उजेड टाकायचा नसतो. तरीही काच सरकवून बघा. चांदणं म्हणजे परतलेलं ऊनच. त्यात डोळ्याला न दिसणारा अवरक्त भाग भरपूर असतो, आणि काच बाजूला झाली की तोही सेन्सरपर्यंत पोचतो.